सात डबे लेटनने तोडले, की त्याला तोडायला लावले?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

'स्नोपिअर्सर' मालिकेच्या पहिल्या सीझनचा नववा भाग, 'द ट्रेन डिमांडेड ब्लड', परवा पुन्हा पाहिला आणि घरातच दोन तट पडले. तेच भांडण इथे आणतोय. पुढे सगळी कथा फुटणार आहे, मग मला बोल लावू नका.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: पृथ्वी तापतेय म्हणून तिला गार करायचा प्रयोग झाला, तो अंगाशी आला आणि जग गोठलं. उरलीसुरली माणसं १००१ डब्यांच्या एका गाडीत. गाडी पृथ्वीभोवती फिरत राहते, थांबली की सगळे गोठून मरणार. पुढे पहिला वर्ग, मग दुसरा, मग राबणारा तिसरा आणि सगळ्यात शेवटी 'शेपूट', म्हणजे गाडी सुटताना बिनतिकीट, मारामारी करून चढलेले लोक. गाडी तिचे मालक मिस्टर विल्फर्ड चालवतात असं सगळे मानतात. खरं तर मेलानीने (जेनिफर कॉनेली) त्याला सुरुवातीलाच खाली ठेवून गाडी हाकली, आणि सात वर्षं होत आली तरी त्याच्या नावाने तीच कारभार करतेय. शेपटातला लेटन (डॅव्हीड डिग्ज) हा पूर्वीचा पोलीस. एका खुनाच्या तपासासाठी त्याला पुढे आणतात, तिथे त्याला हे गुपित कळतं, आणि आठव्या भागात शेपूट व तिसरा वर्ग मिळून उठाव करतात.

नवव्या भागात उठाव मोडायच्या बेतात आहे. पहिल्या वर्गातलं फोल्जर कुटुंब आणि त्यांच्या बाजूचा कमांडर ग्रे यांनी शेपटातली बरीच माणसं पकडून ठेवलीत. मेलानीचं खोटं उघडं पडल्यामुळे तिलाही मृत्युदंड झालाय. ती निसटते, थेट लेटनला गाठते आणि तोड सुचवते: ग्रेचं सैन्य ज्या मधल्या डब्यांत आहे ते डबेच गाडीपासून सोडवायचे. पण पकडलेले शेपटवालेही त्याच डब्यांत आहेत. लेटन हो म्हणतो. सात डबे जातात, ९९४ उरतात, उठाव जिंकतो.

माझं म्हणणं असं, की ज्या तर्कावर शेपूट इतकी वर्षं चिरडलं गेलं, तोच तर्क लेटनने वापरला. 'बाकीचे जगावेत म्हणून थोड्यांनी मरावं' हे मेलानीचं वाक्य होतं. त्याने ते तिच्याकडून, तिच्याच मदतीने घेतलं. मेले ते त्याच्या डब्यातले लोक. त्यांना कुणी विचारलं नाही. घरचे म्हणतात दुसरा मार्गच नव्हता. 'दुसरा मार्गच नव्हता' हेही मेलानी पहिल्या भागापासून म्हणत होती की.

पालशेतचा

मालिका मीही पाहिली, आणि मला आजतागायत कळलेलं नाही की मेलानीला खलनायिका का ठरवतात. तीन हजार माणसं त्या बाईने जिवंत ठेवली. बाहेर उणे शंभरच्या खाली पारा, खायला जे काही आहे ते गाडीतच पिकणार, आणि दुसऱ्याच भागात बर्फाचा कडा कोसळून गुरांचा डबाच गेला. अशा वेळी कुणीतरी वही घेऊन बसलंच पाहिजे. कुणाला किती, आधी कोण, नंतर कोण.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हाचं आठवा. श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली, माडपोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे. आधी मोठ्या वाहिन्या उभ्या केल्या, मग सबस्टेशन, मग गावं, मग वाड्या. शेवटच्या वाडीत उजेड यायला वेळ लागला. म्हणून काय त्या वाडीने सबस्टेशन ताब्यात घ्यायचं? घेतलं असतं तर सगळाच तालुका अंधारात राहिला असता. लेटनने तेच केलं, फक्त पडद्यावर संगीत लावून.

आणि शेपूट बिनतिकीट चढलं होतं हे सगळे सोयीस्कर विसरतात.

खारेपाटातली (अलिबाग)

पालशेतचे, खांबांचा क्रम मला मान्य आहे. पण त्या क्रमात शेवटी नेहमी तीच वाडी कशी येते, ते पण सांगा. वादळाआधी रस्ता शेवटी, नळ शेवटी, वादळानंतर वीज शेवटी. क्रम ठरवणारा त्या वाडीत राहात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता मूळ धाग्याबद्दल. वाशिष्ठीकाठ, तुम्ही सगळा भार लेटनच्या एका 'हो'वर टाकलात, त्यामुळे या कथेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुमच्या हातून निसटली. शेपूट एकट्याने कधीच जिंकू शकलं नसतं. का? कारण गाडीला शेपटाची गरजच नव्हती. ती माणसं काही पिकवत नव्हती, काही दुरुस्त करत नव्हती. त्यांनी उपास केला, मार खाल्ला, मेली, तरी इंजिनाला फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो तिसऱ्या वर्गाने हात आखडता घेतला तर. पाचव्या भागात बघा, फोल्जरांच्या पोरीला खुनाबद्दल दोषी ठरवलं, त्या पंचांत तिसऱ्या वर्गाचाही माणूस होता, आणि मग 'विल्फर्ड'च्या नावाने मेलानीने शिक्षाच माफ केली. तिथे तिसरा वर्ग बिथरला. तो बिथरला नसता तर लेटन आठव्या भागात कुणाला घेऊन उठला असता?

हे मला पटकन दिसलं कारण मी चरीच्या संपाच्या मुलुखातली आहे. ऑक्टोबर १९३३मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोत (सरकारसाठी सारा गोळा करणारे गावचे जमीनदार) आणि सावकारांची जमीन कसायची नाही असं ठरवलं. शेतं पडीक ठेवली. १९३९पर्यंत. पोटाला काय? डोंगरातली लाकडं तोडून विकायची, खाडीत चिंबोऱ्या, मासे धरायचे. त्या लोकांनी उपास काढले हे खरं, पण खोताचं भातही थांबलं. कुळाच्या हातात तेवढंच होतं, आणि तेच पुरलं. १९३४मध्ये डॉ. आंबेडकर स्वतः चरीला येऊन गेले. शेवटी सरकारला वाटाघाटीला यावं लागलं, आणि १९३९च्या कुळकायद्यात संरक्षित कुळ ही गोष्ट आली. सहा वर्षं नांगर न धरता मिळवलेलं आहे ते.

शेपटाकडे न धरायला नांगर नव्हता, आणि त्यांची सगळी शोकांतिका मला तिथे दिसते. लेटनचा निर्णय त्यातून पुढे आला.

पालशेतचा

ताई, चरीत कुणी सात गावं खाडीत ढकलली नव्हती. म्हणजे मुद्दा माझ्याच बाजूचा झाला. संयमाने, कायद्याने, सरकारशी बोलून मिळवलं.

खारेपाटातली (अलिबाग)

'संयमाने' हा शब्द ज्याच्या घरात भात आहे त्याला सोपा. आणि सरकार बोलायला आलं ते कशामुळे? गाडीत सरकार कोण होतं? मेलानी. तिच्याकडे लेटन बोलायला गेला तेव्हा तिने त्याला औषध देऊन खणात झोपवला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: गाडीत 'ड्रॉवर्स' आहेत, शिक्षा झालेल्याला बेशुद्ध करून प्रेतासारखं खणात ठेवतात. या सरकारशी कसली वाटाघाट?

मिरगाचो पाऊस (मालवण)

तुमचा चलू दे. माका फकस्त एक सांगा. त्या गाडयेत माशांची टाकी हा, पुढच्यांक ताजी मासळी मिळता. आणि शेपटेक काळी वडी. वही कोणाकडे? मेलानीकडे. मगे 'संतुलन' म्हणजे काय, तर ती सांगतली तां!

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.) आमच्याकडे समुद्रात हेच चाललंय. पर्ससीनवाले (मोठ्या बोटीतून गोल जाळं टाकणारे) म्हणतात मासा भरपूर आहे, रापणवाला (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा) आणि लहान होडीवाला म्हणतो संपत आला. ५ फेब्रुवारी २०१६ला राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७मध्ये केंद्राने मासा जाळ्याकडे ओढायला लावतात त्या एलईडीच्या दिव्यांवर बंदी आणली. कागद दोन्ही वेळा रापणवाल्याच्या बाजूचा. पण रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की पाण्यावर दिवे दिसतात ते दिसतातच. टंचाई खरी आहे की नाही हे टंचाई सोसणाऱ्याला मोजू देत नाहीत, हे त्या मालिकेने बरोबर पकडलंय. शेपटाने सात वर्षांत एकदा तरी गाडीचं कोठार पाहिलं होतं काय? लेटनने वर गेल्यावर पाहिलं, आणि म्हणूनच तो परत खाली गेला तो तापून.

पालशेतचे भाऊ, वही कुणीतरी घेऊन बसलंच पाहिजे, बरोबर. पण वही उघडी तरी ठेवा.

सांधेवाला

मी रेल्वेत नोकरी केली. वर्गलढा वगैरे तुम्ही बघा, मला त्या डबे तोडण्यावर बोलायचंय, कारण कुणीच बोललं नाही.

आपल्या गाडीला हवेचा ब्रेक असतो. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक पाईप जातो, त्यात साधारण पाच किलोचा दाब. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले. धावताना कपलिंग (दोन डब्यांमधली जोडणी) तुटलं तर पाईपही तुटतो, दाब उतरतो आणि पुढचा तुकडा, मागचा तुकडा, दोन्ही आपोआप थांबतात. मुद्दामच तशी योजना आहे, की सुटलेले डबे उतारावरून पळू नयेत. म्हणजे धावत्या गाडीतून मधले डबे काढायचे तर आधी दोन्हीकडचे अँगल कॉक (त्या पाईपच्या तोट्या) बंद करायला माणूस हवा, जोडणी सोडवायला माणूस हवा, सांधा बदलायला माणूस हवा. एकटा नायक खटका ओढतो नि काम होतं, असं नाही. शेवटी हे काम कुणाच्या हातचं? इंजिनातल्या हुशार लोकांच्या नाही. पॉइंट्समनच्या, म्हणजे सांधे बदलणाऱ्याच्या.

दुसरं. सात वर्षं ती गाडी रुळावरून पळतेय, आणि रूळ कोण बघतंय? आपल्याकडे कोकण रेल्वेवर पावसाळा आला की गाड्यांचं वेळापत्रक बदलतं, वेग कमी करतात, कातळाच्या कटिंगमध्ये रात्रभर गस्तीवाला चालतो. २००३मध्ये वैभववाडीजवळ दरडीने अपघात झाला, पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ. त्यानंतर जाळ्या, भिंती, गस्त, सगळं वाढलं. हे रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरचं काम. आणि तिथे बर्फाच्या कड्यांखाली अख्ख्या पृथ्वीची प्रदक्षिणा, ट्रॅकमन एकही नाही! लेखकांनी चार वर्ग केले आणि पाचवा विसरले. गाडीच्या बाहेरचा.

तिसरी घंटा

काका, तुमचा प्रतिसाद वाचून हसलो, पण तुम्ही नकळत नस पकडलीत. या मालिकेला कामाशी घेणंदेणं नाही. तिला घेणंदेणं आहे ते पेचाशी.

माझं मत मूळ धागाकर्त्यापेक्षा वेगळं आहे आणि ताईंपेक्षाही. लेटन चुकला की बरोबर, हा प्रश्नच लबाड आहे. लेखकांनी बसून ठरवलंय की ओलीस नेमके त्याच डब्यांत असतील जे तोडायचे आहेत. बाजूच्या डब्यात ठेवले असते तर? ही जागा त्यांनी मुद्दाम निवडली, कारण बंडखोराचे हात रक्ताने माखल्याशिवाय त्याला जिंकू द्यायचं नाही, असा या धाटणीच्या मालिकांचा शिरस्ता आहे. अत्याचार करणाऱ्याने सात वर्षं लोकांना गोठवलं, हात कापले, त्याचा हिशेब एका बाजूला; बंडखोराने एकदा कळ दाबली, त्याचा हिशेब दुसऱ्या बाजूला; आणि मग प्रेक्षकाने म्हणायचं, 'शेवटी सगळे सारखेच.' असं म्हटलं की झोप छान लागते.

याच मूळ कथेवर २०१३मध्ये एका कोरियन दिग्दर्शकाचा चित्रपट आला होता. तिथे शेपटातले लोक डबा डबा करत पुढे जातात. तिथे तिसऱ्या वर्गाचे कामगार असे ठळक नाहीत. मालिकेने तो वर्ग आणला, संपाची धमकी आणली, ही खरी भर होती आणि खारेपाटातल्या ताई म्हणतात तसं कथेचं वजन तिथेच होतं. मग नवव्या भागात काय केलं? संप बाजूला, कामगार बाजूला. निकाल लागला तो एका पोलिसाच्या आणि एका इंजिनिअर बाईच्या खासगी बोलण्यात.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

तिसरी घंटा, लेखकांनी पेच रचला हे उघड आहे, कथा म्हणजे रचलेलीच असते. तेवढ्याने प्रश्न रद्द होत नाही. 'सगळे सारखेच' असं मी म्हटलेलं नाही, मेलानीच्या खात्यावरचं तिच्याच खात्यावर. माझा प्रश्न लेटनच्या पुढच्या दिवसाबद्दल आहे. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात तो काय करतो? दुसरी गाडी येऊन भिडलीय, धोका आहे, म्हणून लोकशाही थोडी थांबू दे म्हणतो आणि लष्करी कायदा लावतो. ज्याने एकदा विचारल्याशिवाय सात डबे सोडले त्याला विचारल्याशिवाय राज्य करणं सोपं जातं, असं मला दिसतं.

ताई, चरीचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. तिथे शेत पडीक ठेवायचं हे सभा घेऊन ठरलं होतं. ज्याची चूल बंद होणार होती तो स्वतः त्या सभेत बसला होता.

खारेपाटातली (अलिबाग)

हो, बसला होता. कारण तो पकडलेला नव्हता! ओलिसांची सभा कशी घेणार, ते सांगा. ग्रेला चिठ्ठी पाठवून?

बरं, एकमताचंही फार कौतुक नको. खोतीविरुद्धची लढाई नुसत्या एका गावच्या सभेने नाही जिंकली. १७ सप्टेंबर १९३७ला डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८मध्ये कोकणातली कुळं मुंबईत मोर्चाने गेली. त्या मोर्चात महारही होते, कुणबीही. गावात एका पाणवठ्यावर न येणारी माणसं. दहाच वर्षांपूर्वी, मार्च १९२७मध्ये, महाडच्या तळ्यावर पाणी प्यायलेल्यांना कुणी मारलं होतं? सगळे काही खोत नव्हते. म्हणजे शेपूट आणि तिसरा वर्ग एकत्र येणं किती कठीण असतं ते आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. मालिकेत ते आठव्या भागात दहा मिनिटांत जमतं. मला खरा आक्षेप घ्यायचा तर मी तिथे घेईन. तिसऱ्या वर्गातला माणूस शेपटाला नाक मुरडत होता, 'आम्ही कामाचे तिकीट काढून आलो, हे फुकटे' म्हणत होता, तो एका रात्रीत भाऊ कसा झाला? खोती जायला पुढे कायदा आला तोही १९४९चा. विधेयकानंतर बारा वर्षं.

चाकरमानी (डोंबिवली, मूळ गाव संगमेश्वर तालुका)

बिनतिकीटवाल्यांबद्दल पालशेतचे बोलले त्यावर मला बोलायचंय. बराच वेळ गप्प बसून वाचत होतो.

ही मालिका मे २०२०मध्ये सुरू झाली. तेव्हा, कोरोनाच्या टाळेबंदीत, आम्ही काय करत होतो? गावाला यायला धडपडत होतो. पास मिळत नव्हता, मिळाला तर गाडी नव्हती. लोक चालत आले, टेम्पोत ताडपत्रीखाली बसून आले. आणि गावाच्या वेशीवर? बांबू आडवे. माझ्या गावचं नाव घेत नाही. ज्या देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबईच्या मंडळाने पैसा लावला, त्याच्या पुढच्या पारावर बसलेले लोक आम्हाला वेगळं राहायला शाळेकडे बोट दाखवत होते. गणपतीत 'या' म्हणणारे, शिमग्यात 'पालखी नाचवायला या' म्हणणारे.

मी त्यांना नावं ठेवत नाही. गावात एकच आरोग्य उपकेंद्र, म्हातारी माणसं सगळ्या घरांत. त्यांची भीती खरी होती. पालशेतचे म्हणतात तो वहीचा हिशेब तेव्हा गावाने मांडला आणि आम्ही जास्तीचे निघालो. पण त्या हिशेबात मी आयुष्यभर पाठवलेल्या मनीऑर्डरी कुठल्या पानावर होत्या? शेपटातले 'फुकटे' म्हणजे तरी कोण? ज्यांना तिकीट परवडलं नाही ते. तिकीट कुणी छापलं, किंमत कुणी लावली? पहिल्या वर्गाच्या पैशावर गाडी बांधली हे खरं. बांधणारे हात कुणाचे होते, हे मालिकेतही नीट सांगत नाहीत.

लेटनबद्दल म्हणाल तर मी त्याच्या जागी असतो तर डबे तोडू शकलो नसतो. आणि मग सगळेच मेले असते. म्हणून मला तो आवडत नाही आणि त्याच्याविरुद्ध बोलताही येत नाही.

पालशेतचा

चाकरमानी, तुमच्याबद्दल तसं म्हणायचं नव्हतं. गाव आणि ती गाडी यांत फरक आहे. गावाला शाळा होती, अंगण होतं, चार दिवसांनी बांबू निघाले. गाडीला बाहेर नाही. जिथे बाहेरच नाही तिथे प्रत्येक जास्तीचा माणूस आतल्या कुणाच्या तरी ताटातून जेवतो. हे क्रूर वाटतं, पण मेलानीला रोज हेच दिसत होतं. तिने शेपूट पहिल्याच दिवशी तोडून टाकलं असतं तर? शेवटचे डबे होते, सगळ्यात सोपं तेच होतं. तिने नाही तोडलं. सात वर्षं वडी का असेना, दिली. लेटन एका रात्रीत सात डबे सोडून मोकळा. मग जास्त माणुसकी कुणात?

मिरगाचो पाऊस (मालवण)

जेवण बंद केलां नाय म्हणान उपकार? मेल्या, तां तर खोत पण म्हणत होतो!

तिसरी घंटा

पालशेतचे, यावर मात्र तुम्ही मला अडवलंत. मेलानीने शेपूट का ठेवलं, याचं उत्तर मालिकेत आहे पण ते माणुसकीचं नाही. लेटनच्या हाती तिची यादी लागते, आठवतं का? खणांत झोपवलेल्यांत नुसते गुन्हेगार नाहीत. उद्या बाकीचे मेले तर माणूसजात पुढे चालू ठेवायला कामाची अशी निवडक माणसं तिने साठवून ठेवलीत, बेशुद्ध करून, त्यांना न विचारता. शेपूट तिच्यासाठी राखीव साठा होता. शेपटातली मुलं काम शिकायला वर नेत होते ते त्याच हिशेबाने.

पण हे लिहिताना मलाच दिसतंय की यामुळे वाशिष्ठीकाठ यांचा मुद्दा जड होतो. 'न विचारता' हाच धागा मेलानीकडून लेटनकडे आलाय. फरक एवढाच, की तिच्याकडे विचारायला सात वर्षं होती आणि त्याच्याकडे काही मिनिटं.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

तो फरक मी मोठा मानतो, लहान नाही. पण मिनिटं संपल्यावर तरी त्याने काय केलं? दहाव्या भागात उठाव जिंकल्यावर मागचे लोक पहिल्या वर्गात शिरतात, नासधूस करतात, नाचतात, आणि लेटन सगळ्यांना थोपवत फिरतोय. सात डब्यांत गेलेल्यांची नावं एकदा तरी भर सभेत वाचायला हवी होती. 'मी हे केलं, यांच्या जिवावर केलं, आता तुम्ही ठरवा मी राहू की जाऊ.' एवढं झालं असतं तर मी हा धागा काढला नसता.

२२ जुलै २०२१ला इथे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, लोकांच्या माळ्यांपर्यंत गेलं. नंतर महिनोन्महिने एकच वाद: धरणातून पाणी कधी सोडलं, कुणी सोडलं, कुणाला कळवलं. पाणी सोडावं लागलंही असेल. लोकांना राग आहे तो कुणी समोर येऊन बोललं नाही याचा.

खारेपाटातली (अलिबाग)

हे मला पटतं, पण तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये हे नव्हतं. तिथे तुम्ही 'हो' म्हणण्यावर बोट ठेवलं होतं. आता 'हो' म्हटल्यानंतर गप्प राहण्यावर ठेवताय. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत मी लेटनच्या बाजूने आहे, दुसरीत तुमच्या.

आणि नावं वाचायला सभा हवी, सभेला शांतता हवी. त्याला ती मिळते कुठे? दहावा भाग संपायच्या आत मागून दुसरी गाडी येऊन चिकटते.

पालशेतचा

आणि त्या गाडीत कोण? जिवंत विल्फर्ड. ज्याच्या नावाची शपथ घेत अर्धा तिसरा वर्ग जगला, तो दुसऱ्या सीझनमध्ये येतो (शॉन बीनने काम झकास केलंय) आणि काय होतं? तुमचे हेच क्रांतिकारक हळूहळू त्याच्याकडे झुकतात. त्याचं चिन्ह मिरवतात. सात डबे, इतकी माणसं, आणि लोकांना परत मालकच हवा होता.

खारेपाटातली (अलिबाग)

सगळ्यांना नव्हता. दुसऱ्या सीझनवर बोलायचं तर वेगळा धागा काढा, तिथे भेटू.

सांधेवाला

काढाल तेव्हा त्या दुसऱ्या गाडीच्या जोडणीवर मी लिहीन. मागून धावत येऊन चालत्या गाडीला असं कपलिंग लागतच नाही. बफर (डब्याच्या टोकाचे, धक्का झेलणारे) तरी वाचले असते का, विचारा कुणालाही यार्डात.

मिरगाचो पाऊस (मालवण)

काकानू, तुमका ट्रॅकमन घेवन नवो सीझन लिवक बोलवतले बघा.